परदेशातली शिकवण्याची नोकरी संपल्यावर परतीच्या विमानाची व्यवस्था कशी लावावी

परदेशात शिकवायला जाताना सगळं शाळा जुळवून देते: व्हिसा, तिकीट, विमानतळावर पाटी घेऊन उभा असलेला माणूस. परतताना यातलं काहीही आपोआप होत नाही. कार्यालय पुढच्या वर्षीच्या शिक्षकांच्या कागदपत्रांत बुडालेलं असतं आणि तुमच्यामागे पेपर तपासणी, निकाल, घर रिकामं करणं हे सगळं एकदमच लागलेलं असतं. या घाईत स्वस्त भाडं दिसलं की लोक तिकीट काढून मोकळे होतात आणि पुढचे दोन महिने बाकीच्या गोष्टी त्या तारखेला जुळवायची धडपड करत बसतात. त्या जुळत नाहीत. निघायची तारीख करार, राहण्याचा परवाना आणि शेवटचा पगार या तिघांनी ठरवायची असते. त्यांनी मोकळ्या सोडलेल्या दिवसांत मग स्वस्त भाडं शोधावं.

करार संपायच्या साधारण तीन महिने आधी सुरुवात करावी. कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने खाली दिली आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांना जास्त वेळ द्या, गोंधळ बहुधा तिथेच होतो.

पायरी १: करारातलं परतीचं कलम

विमानभाड्याचं कलम शब्दन् शब्द वाचा. ते बहुधा चारांपैकी एका प्रकारचं असतं. शाळा स्वतः तिकीट काढून देते. किंवा तिकीट तुम्ही काढायचं आणि पावती दाखवून पैसे परत घ्यायचे. किंवा शेवटच्या पगाराबरोबर एक ठोक रक्कम मिळते, तिचं तुम्ही काहीही करा. चौथा प्रकार म्हणजे कलमच नसणं. मग मुलाखतीत कुणी तोंडी काय कबूल केलं होतं त्याला फारसा अर्थ उरत नाही.

‘परतीचं विमानभाडं दिलं जाईल’ एवढं एकच वाक्य असेल, तर कार्यालयाला ईमेल करून एवढं लेखी विचारून घ्या:

- तिकीट कोणत्या विमानतळापर्यंतचं? बऱ्याच करारांत नेमणुकीच्या वेळी नोंदवलेलं ठिकाणच धरतात. घर तिथून आणखी एका विमानाच्या अंतरावर असेल, तर तो टप्पा पदरचा.
- रकमेची वरची मर्यादा किती, आणि जादा सामानाचं भाडं त्यात बसतं का?
- करार संपल्यापासून किती दिवसांत प्रवास करावा लागेल?
- जोडीदार आणि मुलांची तिकिटं धरली आहेत का?
- पैसे प्रवासाआधी मिळणार की नंतर, आणि कोणत्या देशातल्या खात्यात?

या अटी किती बारीक असतात ते दोन-तीन उदाहरणांवरून कळेल. परदेशी शिक्षकांना शाळांत नेमणाऱ्या जपान सरकारच्या जेट कार्यक्रमात परतीचं भाडं मिळतं, पण करार पूर्ण केलेला हवा, करार संपल्यावर महिन्याभरात देश सोडलेला हवा आणि जपानमध्ये दुसरी नोकरी धरलेली नसावी. दक्षिण कोरियातल्या सरकारी शाळांच्या एपिक कार्यक्रमात तिकीट मिळत नाही, करार पूर्ण झाल्यावर ठरावीक भत्ता मिळतो. म्हणजे तिकिटाचे पैसे आधी तुम्हीच घालायचे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कामगार कायद्यानुसार नेमणुकीच्या ठिकाणी परत पाठवण्याचा खर्च मालकाकडे असतो, पण कर्मचाऱ्याने दुसरीकडे नोकरी धरली किंवा त्याच्याच दोषामुळे नोकरी संपली, तर नाही.

सगळ्यात महाग पडणारा शब्द म्हणजे ‘करार पूर्ण केल्यास’. मुलं गेली, वर्ग ओस पडले, शिक्षकांच्या खोलीत दोघंच उरले, म्हणून लोक २८ तारखेचं विमान धरतात आणि कराराची शेवटची तारीख ३१ असते. कागदोपत्री तो करार अपुरा राहिला. कुणी अडवत नाही, निरोपसमारंभही होतो, आणि दोन महिन्यांनी भाडं नाकारल्याचा ईमेल येतो. लवकर निघायचं असेल तर ‘अमुक तारखेला निघाल्यास करार पूर्ण धरला जाईल’ असं एक वाक्य मुख्याध्यापकांकडून किंवा मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. विभागप्रमुखाने ‘जा हो, काही नाही होत’ म्हटलं, एवढ्यावर भागत नाही.

नोकरी मध्येच सोडत असाल तर आणखी एक कलम शोधा: येतानाचं भाडं शेवटच्या पगारातून कापून घेण्याचं. ते बऱ्याच करारांत असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही.

पायरी २: तारखा एका कागदावर

एक कोरा कागद घ्या आणि या तारखा एकाखाली एक लिहा: शाळेतला शेवटचा कामाचा दिवस, कराराची शेवटची तारीख, राहण्याच्या परवान्याची मुदत, शेवटचा पगार जमा होण्याचा दिवस, घराच्या भाडेकराराची शेवटची तारीख, पासपोर्टची मुदत. पहिल्या दोन तारखा एकच असतील असं गृहीत धरू नका. वर्ग संपल्यानंतर करार महिना-दोन महिने चालू राहणं अगदी सर्रास आहे.

परवान्याच्या बाबतीत कार्डावर छापलेल्या तारखेवर भरवसा ठेवू नका. कामाचा परवाना मालकाच्या नावावर उभा असतो. नोकरी संपली की पुष्कळ देशांत मालक तो रद्द करतो, आणि तिथून देश सोडण्याची वेगळी मुदत सुरू होते. सौदी अरेबियात कायमचं निघताना ‘फायनल एक्झिट’ व्हिसा काढावा लागतो आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत देश सोडावा लागतो. म्हणून कार्यालयाला नेमका प्रश्न असा विचारा: परवाना कोण रद्द करणार, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर मला किती दिवस मिळतील? तिकीट दाखवल्याशिवाय रद्द करण्याचा अर्जच घेत नाहीत, अशी काही शाळांची पद्धत असते. काही ठिकाणी क्रम उलटा असतो. आपल्याकडे काय चालतं ते आधीच कळलेलं बरं.

परवाना रद्द झाल्याबरोबर काही देशांत बँकेचं खातं आणि मोबाइल क्रमांकही अडकतो, कारण दोन्ही त्याच ओळखपत्रावर घेतलेले असतात. त्यामुळे शेवटचा पगार जमा होणं, तो घरच्या खात्यावर पाठवणं आणि मग परवाना रद्द होणं, हा क्रम शक्य तिथे धरून ठेवा. पगार तुम्ही देश सोडल्यानंतरच मिळणार असेल, तर तो थेट परदेशी खात्यावर पाठवायची लेखी सोय करून घ्या.

न भरलेले दंड, मोबाइलची थकबाकी, कर्जाचा उरलेला हप्ता या गोष्टी काही देशांत सीमेवर अडवतात. गाडी चालवत असाल तर वाहतूक दंडाचं खातं दोन आठवडे आधी तपासा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा.

आता मध्यरात्रीचं विमान. लांब पल्ल्याची बरीच विमानं रात्री १२ नंतर सुटतात, आणि दर हंगामात कुणीतरी इथे फसतंच. तिकिटावर ‘१ जुलै, ००:४०’ लिहिलं असेल तर विमानतळावर ३० जूनला रात्री साडेनऊपर्यंत पोचायचं. १ जुलैच्या रात्री बॅग भरून निघालात, तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. दुसरी बाजू परवान्याची: तो ३० जूनला संपत असेल आणि विमान ००:४० चं असेल, तर बारा वाजण्यापूर्वी पासपोर्टवर शिक्का पडेलही. पण विमान उशिरा सुटणार म्हणून रांग उशिरा उघडली, किंवा उड्डाण रद्द झालं, की तुम्ही मुदत ओलांडून देशात आहात. परवान्याच्या शेवटच्या तारखेच्या किमान चार दिवस आधीचं विमान घ्या. चार दिवसांत रद्द झालेल्या उड्डाणाच्या जागी दुसरं मिळू शकतं.

पायरी ३: शाळा तिकीट काढणार असेल तर

पसंतीची तारीख, पोचायचा विमानतळ, पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि पासपोर्ट क्रमांक एकाच ईमेलमध्ये पाठवा. नाव पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळींपैकी पहिलीत असतं, तिथून उतरवा. हाक मारायचं नाव, लग्नानंतर बदललेलं पण पासपोर्टवर न आलेलं आडनाव, गाळलेलं वडिलांचं नाव, यातलं काहीही तिकिटावर आलं तरी दुरुस्तीला वेळ आणि पैसा जातो. आडनाव आणि पहिलं नाव उलटसुलट झालेलंही लगेच कळवा. तिकीट पक्कं होण्याआधी ते सहज बदलतं.

मग कार्यालयाकडून एक पीडीएफ येते. ती आली म्हणजे तिकीट झालं असं नाही. त्यावर दोन क्रमांक शोधा. एक सहा अक्षर-अंकांचा, तो आरक्षणाचा, ज्याला पीएनआर म्हणतात. दुसरा तेरा अंकी, तो तिकिटाचा. त्याचे पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. फक्त पीएनआर असेल आणि तेरा अंकी क्रमांक नसेल, तर बहुधा जागा नुसती धरून ठेवली आहे, पैसे भरलेले नाहीत. अशी धरलेली जागा मुदत संपली की कुणालाही न कळवता सुटते. पीएनआर आणि आडनाव टाकून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून पाहा, आणि निघेपर्यंत दर आठवड्याला एकदा पाहत राहा.

तिथेच स्वतःचा ईमेल आणि घरी गेल्यावरही चालू राहील असा मोबाइल क्रमांक घाला. प्रवासी दलालाने तिकीट काढलं की संपर्काच्या जागी बहुधा त्याचाच क्रमांक असतो. वेळ बदलल्याचा निरोप त्याला जातो, तो कार्यालयाला कळवतो आणि कार्यालय सुट्टीवर असतं. दलालाचा रात्री-अपरात्री उचलला जाणारा क्रमांकही मागून ठेवा, कारण त्याच्यामार्फत काढलेल्या तिकिटात बदल करायला विमान कंपनी बऱ्याचदा त्याच्याकडेच पाठवते.

पायरी ४: तिकीट स्वतः काढणार असाल तर

आधी करार पूर्ण झाल्याचं मान्य करणारा ईमेल, परवान्याबद्दलचं उत्तर आणि शेवटच्या पगाराची तारीख हातात येऊ द्या. मग तिकीट. तरीही फार थांबू नका. शाळा सुटतात त्या आठवड्यात एका शहरातले सगळे परदेशी शिक्षक निघत असतात आणि भाडं त्याच आठवड्यात चढतं. दोन ते तीन महिने आधी शोध सुरू केला, तर निवड करायला जागा राहते. करार आणि परवाना मुभा देत असतील तर सुट्टी लागल्यानंतर आठ-दहा दिवसांनी निघणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडं महाग असलं तरी. परवाना रद्द व्हायला उशीर होणं, पगार पुढे ढकलला जाणं, घरमालकाने तपासणीची तारीख बदलणं, या नेहमीच्या गोष्टी आहेत. ‘बदलता येईल’ म्हणजे फुकट नव्हे, हेही ध्यानात असू द्या: बदलाचं शुल्क माफ असलं तरी भाड्यातला फरक भरावाच लागतो.

येताना काढलेल्या दुहेरी तिकिटाचा परतीचा भाग शिल्लक असेल तर त्याची मुदत आजच पाहा. असं तिकीट साधारण एक वर्ष चालतं. करार बरोबर एका वर्षाचा आणि तुम्ही प्रशिक्षणासाठी दोन आठवडे आधी आला असाल, तर करार संपेपर्यंत तिकीट मेलेलं असतं. आणि एक नियम: तिकिटाचे टप्पे क्रमाने वापरावे लागतात. पहिला टप्पा सोडून मधूनच चढायचं ठरवलं, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

मधल्या थांब्याचा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. इथे पैसे वाचवण्याचा मोह मोठा असतो, कारण दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली की बेरीज कमी येते. पण फरक भाड्यापुरता राहत नाही. एका तिकिटावर सामान बहुधा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जातं, आणि पहिलं विमान उशिरा पोचल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. दोन तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते न आलेले प्रवासी. शिवाय सामान घ्यायला मधल्या देशात बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा. वर्षभराचा संसार बॅगांत भरून निघालेल्या माणसाने हा जुगार खेळू नये.

मधल्या देशाच्या व्हिसाचा प्रश्न एका तिकिटावरही सुटत नाही, तो तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतो. अमेरिकेत विमान बदलताना इमिग्रेशनमधून जावंच लागतं, तिथे नुसतं आतल्या आत बदलण्याची सोय नाही. शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणारे युरोपीय देश) काही पासपोर्टधारकांना विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि मार्गात दोन शेंगेन विमानतळ असतील, समजा फ्रँकफर्टहून म्युनिक आणि मग बाहेर, तर मधलं उड्डाण त्या क्षेत्राच्या आतलं होतं आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. तिकीट विकणारी संकेतस्थळं हे अडवत नाहीत, मजेत विकतात. अडवतात ते चेक-इनच्या खिडकीवर, कारण तिथला कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या टायमॅटिक प्रणालीत पासपोर्ट आणि मार्ग टाकून पाहतो. तीच माहिती काही विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आधी पाहता येते.

थांब्याच्या शहरात विमानतळ बदलतोय का तेही पाहा. टोकियोत नारिता आणि हानेदा, लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक ही नेहमीची जोडी. शोधयादीत शहराचं नाव एकच दिसतं, विमानतळाची तीन अक्षरं मात्र वेगळी असतात. बदलायला अडीच ते चार तास असावेत. दीड तासाचा थांबा कागदावर चालतो, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं आणि पुढचं त्या दिवसातलं शेवटचं असलं, की रात्र विमानतळावर.

घरी जाण्याआधी कुठे फिरायचं असेल, तर शाळेला आधी विचारा. काही शाळा थेट घरच्या भाड्याइतकी रक्कम देतात आणि वरचा खर्च तुमचा. त्यासाठी तिकीट काढाल त्याच दिवशीचं थेट घरापर्यंतचं भाडं दाखवणारं पान, तारखेसह, जपून ठेवा. महिन्याभराने काढलेलं पान लेखाविभाग मान्य करत नाही, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

पायरी ५: सामान

तिकिटावर सामानाची एक छोटी नोंद असते. ‘२पीसी’ म्हणजे दोन नग, ‘३०के’ म्हणजे नग कितीही असोत, एकूण ३० किलो. नगांच्या पद्धतीत इकॉनॉमीचा एक नग साधारण २३ किलोचा, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत. ३२ किलोच्या वरचा एकच नग जादा पैसे भरूनही सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेली मर्यादा आहे. जादा सामान आधीच ऑनलाइन घेतलं तर खिडकीवरच्या दरापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. दोन तिकिटं असतील, तर दोन्हीपैकी कमी मर्यादा हीच तुमची मर्यादा.

शिक्षकाचं सामान जड होतं ते पुस्तकांमुळे. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचा खोका ३० लिटरचा असतो, आणि तो पुस्तकांनी गच्च भरला तर वजन वीस किलोच्या आसपास जातं. मोठा खोका घेऊ नका, कुणाला उचलता येत नाही आणि तळ फाटतो. कपडे, खेळणी, पोस्टर असं हलकं आणि फुगीर सामान कुरिअरने पाठवताना हिशोब उलटा लागतो: सेंटिमीटरमधला लांबी × रुंदी × उंची हा गुणाकार भागिले ५०००, आणि हे आकडे खऱ्या वजनापेक्षा जास्त आले तर पैसे त्यांचेच. ६० × ४० × ४० च्या खोक्याला १९.२ किलोचं भाडं पडेल, आत सहा किलो असले तरी. पुस्तकं टपालाने किंवा समुद्रमार्गे, फुगीर वस्तू शक्यतो वाटून टाकाव्या. समुद्रमार्गे पाठवलं तर पोचायला आठवडे किंवा महिने लागतात. प्रत्येक खोक्यातल्या वस्तूंची आणि वापरलेल्या किमतीची यादी ठेवा, कस्टम्समध्ये तीच लागते. परदेशात ठरावीक काळ राहून परतणाऱ्यांना घरगुती सामानावर सूट देण्याची तरतूद पुष्कळ देशांत आहे, पण तिच्या अटी आणि सामान पोचण्याची मुदत आधीच पाहावी लागते.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यावरच्या नाहीतच. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलं असेल तर ३.७ ने गुणून १००० ने भागा: ७४ वॉट-तास. हस्तकलेच्या तासाची कात्री, कटर, पात्या चेक-इनच्या बॅगेत टाका. मुलांनी दिलेल्या भेटी कागद काढून पाहा. आत बिया, रोपं, खाद्यपदार्थ किंवा द्रव असेल तर तो सीमेवर अडू शकतो, आणि ‘बॅगेत काय आहे हे माहीत आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता यायला हवं. शाळेचा लॅपटॉप, किल्ल्या, ओळखपत्र परत केल्याची पोच घ्या. ती नसली की शेवटचा पगार अडवायला कारण मिळतं.

मूळ पदवीपत्रं, पासपोर्ट, करार, औषधं आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, बॅग कितीही भरलेली असो.

कुत्रा किंवा मांजर पाळलं असेल तर तीन महिने पुरणार नाहीत. युरोपीय संघात ज्या देशांतून प्राणी नेताना रेबीजची रक्ततपासणी लागते, त्यांच्यासाठी लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात आणि तिथून पुढे तीन महिने थांबावं लागतं. जपानमध्ये अशाच नियमाने हा थांबा १८० दिवसांचा आहे. मायक्रोचिप लसीच्या आधी बसवलेली हवी. क्रम चुकला तर लस पुन्हा.

पायरी ६: तिथे असतानाच उरकायचं

अनुभवाचं प्रमाणपत्र पद, तारखा, शिकवलेले विषय आणि सही-शिक्क्यासह घ्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला पुढच्या शाळेला हमखास लागतो आणि देश सोडल्यावर तो मागवणं त्रासाचं होतं. दोन्ही कागद परदेशी वापरायचे असतील तर त्यांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशांत चालणारा सरकारी दाखला) किंवा दूतावासाचं साक्षांकन तिथेच करून घ्या. चीनमध्ये पुढची नोकरी धरायची असेल तर आधीच्या शाळेचं मुक्तिपत्र (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि कामाचा परवाना रद्द केल्याचा दाखला विसरू नका.

पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जात असेल तर ती परत मिळते का ते पाहा. जपानमध्ये ती एकरकमी मागता येते, पण अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. त्याआधी महानगरपालिकेत स्थलांतराची नोंद करायची असते. कराचा शेवटचा दाखलाही मागून ठेवा.

पायरी ७: शेवटचे दोन दिवस आणि विमानतळ

चेक-इन ऑनलाइन करा, तरी सामान टाकायला तीन तास आधी पोचा. राहण्याचं कार्ड परत द्यायचं असेल तर ते तुमच्या हातात ठेवा, बॅगेत नको. जपान आणि दक्षिण कोरियात कायमचं निघताना ते विमानतळावर परत घेतात. जपानमध्ये निघतानाच्या अर्जावरच्या, पुन्हा येण्याच्या सवलतीच्या चौकटीत सवयीने खूण केली तर कार्ड परत घेत नाहीत, आणि कागदोपत्री तुम्ही फक्त सुट्टीवर गेलेले ठरता.

जवळ मोठी रोख असेल तर जाहीर करा. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपीय संघात १०,००० युरोपासून ते सक्तीचं आहे. नेण्यावर बंदी नसते, लपवण्यावर दंड असतो.

बोर्डिंग पास फेकू नका, फोनमधला असेल तर तो विमान सुटण्याआधी जतन करून ठेवा. काही ॲपमधून उड्डाणानंतर तो नाहीसा होतो.

बॅग आलीच नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. खरेदीच्या पावत्या नसतील तर निदान बॅग भरताना काढलेले फोटो उपयोगी पडतात.

पायरी ८: भाड्याचे पैसे मागणं

पैसे परत मिळणार असतील तर पहिल्याच आठवड्यात मागा. लागतं ते असं: तेरा अंकी क्रमांक असलेली तिकिटाची पावती, पैसे भरल्याचा पुरावा, आणि प्रत्येक टप्प्याचा बोर्डिंग पास. पावतीवर तुमचं नाव हवं. मित्राच्या कार्डाने पैसे भरले असतील तर त्याचं पत्र जोडा. रक्कम कोणत्या चलनात आणि कोणत्या दिवसाच्या दराने देणार, हे विचारा, कारण दोन महिन्यांत दर हलतो. हस्तांतराचं शुल्क कुणी सोसायचं तेही. ईमेल एकाच व्यक्तीला न पाठवता मनुष्यबळ विभाग आणि लेखाविभाग दोघांना पाठवा. सुट्टीच्या महिन्यात एक जण तरी जागेवर असतो.

पैसे तिथल्या खात्यात येणार असतील तर ते खातं आणि त्यावरचा ओटीपी घेणारा मोबाइल क्रमांक तोपर्यंत चालू ठेवा. परदेशातही संदेश येतात का ते निघण्याआधी रोमिंग सुरू करून तपासा. खातं बंद करण्याचा अर्ज रक्कम जमा होऊन घरी पोचल्यावरच द्यायचा, आणि तो दुरून देता येतो का हे त्या बँकेच्या शाखेत निघण्यापूर्वी विचारून ठेवायचं.